कच्च्या स्लॅबखाली

पटलं तर घ्या, नाही तर हसून सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही.

भर दुपार होती. जेवणाची सुट्टी. अर्धवट बांधलेली इमारत आणि दुसऱ्या मजल्यावर नुकताच ओतलेला स्लॅब.

मामा सेंट्रिंगचा मिस्त्री, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावणारा. शाळेशी त्याचं कधी पटलं नाही. आधी फळ्या वाहिल्या, मग हातोडा धरला, मग हाताखाली माणसं आली. कॉलेजची पायरी न चढता त्याने संसार उभा केला. हे सगळं शिकवलं ते उस्तादने.

तो उस्ताद या इमारतीच्या ठेकेदाराच्याच मागच्या कामावर मेला.

स्लॅब कच्चा असतानाच ठेकेदाराने त्याला टेकू काढायला लावले. दुसऱ्या कामावर हवे होते म्हणून. छत अंगावर आलं. चौकशीला साहेब आले तेव्हा ठेकेदार बिनदिक्कत म्हणाला, अडाणी माणूस, पिऊन आला आणि मनानेच टेकू काढत सुटला.

उस्ताद साधी बिडीसुद्धा ओढत नव्हता. पण मेलेल्याची बाजू कोण घेणार? त्याची बायको तिथेच उभी राहून ऐकत होती.

आता त्याच ठेकेदाराला पुन्हा घाई झाली होती. टेकू काढ, म्हणाला. मामाने तोंडावर नकार दिला. माझी माणसं मरायला खाली घालणार नाही.

"एक मेला तर सगळ्यांनी बांगड्या भरल्या का रे?" ठेकेदाराने हातोडा हिसकावला आणि एकटाच आत शिरला.

मामाने मागून हाका मारल्या. तो थांबला नाही.

या कामात एक रीत आहे. टेकू काढण्याआधी त्यावर ठोकायचं. वर कोणी असेल तर तो पाय आपटतो. म्हणजे, थांब.

ठेकेदाराने ठोकलं.

वरून उत्तर आलं...

ठप. ठप.

मामाने बाहेर पाहिलं. सगळी माणसं सावलीत डबे उघडून बसली होती. एकही कमी नव्हता.

ठेकेदार वर बघून शिव्या देत पुढच्या टेकूकडे गेला. त्याच्या डोक्यावरची पावलंही पुढे सरकली. तो वळला... पावलं वळली.

त्याने चिडून टेकूवर घाव घातला.

टेकू हलला नाही. उलट चारी बाजूंनी आवाज सुरू झाले. ठक... ठक... ठक... कोणीतरी एकेक टेकू घट्ट करत होतं. सावकाश. सफाईने.

हातोडीचा हा ठेका मामाच्या ओळखीचा होता. याच ठेक्यावर तो काम शिकला होता.

मग एकदम सगळं थांबलं.

शिव्याही थांबल्या.

आणि मग ती किंकाळी...

मामा धावला. मागून सगळे धावले. छत जागच्या जागी होतं, तसूभरही खाली आलेलं नव्हतं. ठेकेदार जमिनीवर उताणा पडला होता. दोन्ही तळवे वर करून तो काहीतरी रेटत होता. कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"मीच काढायला लावले! त्याचा दोष नव्हता! उचला, कुणीतरी उचला!"

सगळ्यांनी ऐकलं.

त्याला ओढून बाहेर काढलं. जीव वाचला. पण तेव्हापासून तो छताखाली जात नाही. ज्याने लोकांना छतं बांधून दिली, तो उन्हापावसात अंगणात पडून असतो. बायकोने डोक्यावर छत्री धरली तरी गुरासारखा ओरडतो.

मामा त्याच संध्याकाळी उस्तादच्या घरी गेला. वहिनी भांडी घासत होती. मामाने घडलेलं सगळं सांगितलं. सगळ्यांदेखत कबूल केलं त्याने, उस्तादचं नाव धुऊन निघालं, म्हणाला.

तिचे हात थांबले नाहीत.

"जिवंत आहे का तो, भाऊजी?"

"आहे."

"मग यांचं काम अजून राहिलंय." तिने कढई पालथी घातली. "अर्धं काम टाकून यायची सवय नव्हती यांना."

मामा पाणीही न पिता उठला. त्या घरी तो पुन्हा गेलेला नाही.

परवा मी ठेकेदाराच्या घरावरून गेलो. भर उन्हात तो अंगणात पडला होता. वर ना छत, ना झाड, ना ढग.

तरी त्याने दोन्ही हात वर धरले होते...

आणि ते कोपरात हळूहळू वाकत होते.