सातवा कप्पा

कवच: गोगलगायीसारखं वळलेलं, पांढरं, वाळूच्या कणाहून लहान.
कप्पे: पाच.

नव्या जातीच्या वर्णनात एवढं टाइप करून तिने ब्रशचं टोक जिभेवर ओलं केलं. समुद्राच्या गाळातून एकपेशी जिवांची कवचं वेचणाऱ्यांची ही जुनी खोड. ओल्या टोकाला कवच अलगद चिकटतं. तिला हे ताईनेच शिकवलेलं. हे कवचही ताईनेच वेचलं होतं, जायच्या आधी, शेवटच्या गाळातून. नव्या जातीचं, आणि एकच. जातीला ताईचं नाव द्यायचं, हे धाकटीने ताई गेली त्याच दिवशी ठरवलं होतं.

"डबा विसरलीस का?" संग्रहालयाचे कपाटवाले काका दारातून म्हणाले. "ब्रश खातेस ती!"

"चव बघतेय, काका. मीठ बरोबर आहे."

"चेष्टा पुरे. आज कपाटाला कुलूप लागणार. नमुना जमा नाही, तर नाव नाही. मग ते ताईचं असो नाहीतर राणीचं."

"जमा होईल."

तिने पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

कप्पे: सहा.

मोजताना चुकलं असेल. कवच वाळलेलं, आतला जीव कधीच मेलेला. मेल्या घराला कोण खोल्या वाढवतं?

शेवटचा कप्पा: सर्वांत मोठा. भिंत पातळ, ओलसर.

'ओलसर' तिने खोडलं. सुई टेकवली. टोकावर थेंब आला. दिसेल ते लिहायचं, मनाचं नाही, हा ताईचा नियम. 'ओलसर' पुन्हा लिहिलं.

फोटोसाठी कवच उचलायला तिने ब्रश टेकवला.

"झालं का गं?" बाहेरून काका.

"आलेच!" म्हणता म्हणता सवयीने टोक जिभेवर गेलं.

मायक्रोस्कोपखालची काच रिकामी होती.

तिने टेबल पाहिलं, बाही पाहिली, फरशी पाहिली. मग चूळ भरली आणि ती गाळाच्याच चाळणीतून गाळली. काही नाही.

डाव्या दाढेमागे जिभेला कण लागला. नखाने काढायला गेली. निघेना. रुजला होता.

जिभेच्या टोकाने तिने एकेक फुगवटा मोजला. मग खुर्ची ओढून बसली.

कप्पे: सात.
नमुना कुठे आहे: वर्णन करणारीच्या डाव्या दाढेमागे.

"आणा नमुना," काकांनी आत येऊन हात पुढे केला.

"इथेच आहे. नोंद घ्या."

तिने तोंड उघडलं. काकांनी हसत खिशातलं भिंग काढलं, वाकून पाहिलं. हसू तिथेच आटलं.

त्यांनी पेन उघडलं. "नाव?"

तिने ओठ मिटले होते.

तरी आतून नाव स्पष्ट ऐकू आलं. ताई फोनवर स्वतःचं नाव सांगायची तसं, एकेक अक्षर सुटं करून.

काकांनी मान वर न करता ते लिहून घेतलं.