भोंग्याचा नळ

ही रचलेली गोष्ट नाही. माझे सख्खे मामू, फकरुद्दीन, स्वतः त्या मोटारीत बसले होते.

आणि रात्रही नव्हती. भर दुपार होती. कळंबचा बाजार भरलेला. निजामाचं राज्य, लढाईचे दिवस.

मामू वीरप्पाशेटचे ड्रायव्हर. शेटची जिनिंग होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना, गावाबाहेर. माणूस कसला? उथळ पाण्याला खळखळाट फार! मोटार आली तरी लोक दचकून बाजूला होत नाहीत, हेच त्याचं दुःख. मग अक्कल काय चालवली? मोटारीचा आवाज वाढवायचा.

सायलेन्सर त्यानं स्वतः काढला. मिस्त्री कशाला, साहेबाला सगळंच येतं! त्याच्या जागी जिनिंगच्या जुन्या भोंग्याचा नळ काढून आणला.

मामू म्हणाले, "शेट, हा नळ नको."

"का रं? भूत बसलंय व्हय त्यात?"

मामूंनी नळाला हात लावला नाही.

नागूबाई नावाची बाई जिनिंगमध्ये कामाला होती. कापसाच्या धुरळ्यानं छाती भरलेली. ती खोकली की हा शेट सगळ्या बायकांपुढं तिची नक्कल करायचा. खो खो करून हसायचा. एका सकाळी ती फाटकातच कोसळली. बायका तिच्याकडं धावल्या, तर यानं भोंगा वाजवायला लावला. चला कामावर!

त्या आवाजात ती खोकत खोकत गेली. कुणाला ऐकूही आलं नाही.

तोच हा भोंगा.

शेटनं नळ तारेनं आवळला. सांध्यावर पत्रा ठोकला. स्वतःच चालवायला बसला, मामू शेजारी.

काय तो आवाज! बाजारातले बैल उधळले. एका म्हातारीची टोपली उलटली. शेट मांडीवर थाप मारून हसला.

"बघ फकऱ्या, कशी पळत्यात!"

बाजार मागं पडला. जिनिंगचं फाटक आलं...

आणि आवाज तुटला.

खक्. खक् खक्.

"पेट्रोलात घाण हाय," शेट म्हणाला. त्यानं इंजिन बंद केलं.

खोकला चालूच होता.

गाडीखालून. दोन उबळींच्या मधे कुणीतरी श्वास ओढत होतं... लांब, शिट्टीसारखा.

मामू उतरून वाकले. नळाच्या तोंडातून धूर येत नव्हता. कापूस येत होता. ओला. कोमट. मामूंनी ओढला, तर येतच राहिला.

एवढं बघून शहाण्या माणसानं हात जोडले असते. हा बसल्या जागी काय करतो? तीच जुनी नक्कल! छातीवर हात ठेवून खो खो खोकला, आणि हसला.

गाडीखालचा आवाज थांबला.

पाखरूसुद्धा बोलेना.

मग उत्तर आलं...

मागच्या सीटवरून.

शेटनं मान वळवली नाही. दार उघडलं आणि धोतर सावरत पळत सुटला. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण आवाज निघेना.

तो पुढं कधीच निघाला नाही. हैदराबादचे डॉक्टर झाले, देवऋषी झाले. गावाला हादरवणारा माणूस मरेपर्यंत हातवारे करून पाणी मागायचा. जिनिंग विकली. मामूंनी नोकरी सोडली आणि टांगा धरला.

मी एकदाच विचारलं, "मामू, मागं काय दिसलं तुम्हाला?"

"दिसलं काहीच न्हाय बेटा. पण सीट दबली होती. मला वाटलं, बाईमाणूस हाय, किती वेळ बसून राहील? म्या मागचं दार उघडलं. म्हणलं, उतरा नागूबाई. शेटसाठी कधी एवढ्या अदबीनं दार धरलं नव्हतं."

"मग?"

"गाडी जरा वर उचलली."



"मग ती गेली कुठं?"

"शेट पळत होता ना... त्याच्या मागं रस्त्यावरची धूळ हलत गेली. घाई नव्हती तिला. सावकाश, चालत."

मामू जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी ते "सावकाश" मला अजून झोपू देत नाही.