ओटमारची चकती

ओटमारच्या पत्राला मी कित्येक वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र एका ओळीचं होतं. ‘हर्विग, माझी नेली. तुझी चकती पाठव.’

आम्ही दोघं ओल्डेनबुर्गच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायचो. त्याच कामाच्या प्रशिक्षणाला आम्हाला कोलोनला पाठवलं होतं. दिवसभर खळीचा वास. संध्याकाळ झाली की ओटमार मला ओढत खानावळींत न्यायचा. एकटा असतो तर मी खोलीवर पाव खात वाचत बसलो असतो. त्याच्यामुळे मनुकांच्या रश्शातलं आंबूस मांस खाल्लं, बटाट्याची कुरकुरीत धिरडी सफरचंदाच्या गराबरोबर खाल्ली.

शेवटच्या दिवशी, ऊन असतानाच, नदीजवळच्या एका बिअरगृहात शिरलो. कोलोनमध्ये ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो. पुरे झालं की ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीनं आपण तो झाकायचा.

मी पाणी मागितलं.

“मग साबण-टॉवेलही आणतो, प्रोफेसर,” वाढपी म्हणाला.

ओटमार खो खो हसला. मी मुकाट्यानं बिअर घेतली.

शेजारच्या लांब टेबलाशी कोणी नव्हतं. तरी वाढपी तिथले रिकामे ग्लास उचलून भरलेले ठेवत होता. त्या टेबलावर एकही चकती नव्हती.

“कुणासाठी?” मी विचारलं.

“जुनी गिऱ्हाइकं.” त्यानं आमचं टेबल पुसलं आणि फडक्याबरोबर ओटमारची चकती नेली.

मी माझा ग्लास झाकला. “ओटमार, ऊठ.”

“अरे, जेवण यायचंय अजून. भित्रा कुठला.”

“मी बाहेर थांबतो.”

“थांब. एवढा संपवून आलोच.”

चकती खिशात टाकून मी बाहेर उभा राहिलो. समोरच्या भिंतीवरून ऊन उतरलं. मी आत गेलो. ओटमारची खुर्ची रिकामी होती. ग्लास काठोकाठ भरलेला.

“माझा मित्र कुठाय?”

“बसलेत की,” वाढपी म्हणाला.

ग्लासातली बिअर हळूहळू खाली जात होती.

पोलिसांनी नदीसुद्धा शोधली, पण ओटमार सापडला नाही. मी निवृत्त झाल्यावर ते पत्र आलं. अक्षर त्याचंच, पत्ता त्या बिअरगृहाचा. चकती दिली तर माझा ग्लास कशानं झाकू, ही भीती. आणि आपण पाहिलं ते खरं का, ही शंका तर माझी जन्माची सोबतीण.

आता भीतीही माझ्याबरोबर म्हातारी झाली आहे.

आज सकाळी लिहिलं : ‘ओटमार, झाक आणि ऊठ. त्या वाढप्याला सांग, माझा ग्लास भरायचा असेल तर इथे येऊन भर म्हणावं.’

चकती पाकिटात घातली. घरातला एकुलता एक ग्लास पुसून टेबलावर उपडा घातला. तरी त्याच्या कडेनं ओलं वर्तुळ उमटलं. मी ते पुसलं नाही.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीत पाकीट टाकलं. कागद पडल्याचा आवाज आला नाही. काचेवर पुठ्ठा टेकावा, तसा आला.