उजवा गाल

प्रचाराच्या जीपचं चाक गटारात रुतलं आणि मौली सान्याल—अहो तीच, जिच्या सिनेमाच्या पोस्टरवर अख्खा बंगाल फिदा!—उन्हातून पळत समोरच्या मिठाईच्या दुकानात शिरली.

"प्रचाराला भिंत मिळणार नाही," गल्ल्यावरचा तरुण मान वर न करताच म्हणाला.

"पाणी तरी मिळेल का?"

तेव्हा कुठे दीप्तक कुंडूनं वर पाहिलं... आणि कानापर्यंत लाल झाला. पाण्याबरोबर रसगुल्लेही आले.

निवडणूक लागली की गावातली प्रत्येक भिंत कुठल्या तरी पक्षाच्या नावानं रंगते. दीप्तकची तेवढी पांढरीशुभ्र होती.

"दोन्हीकडचे माझेच रसगुल्ले खातात, दीदी. कुणाला नाराज करू?"

दीदी! पांढऱ्या मिशांचे आजोबासुद्धा उमेदवार मौलीला दीदीच म्हणायचे. मग याच्याच तोंडून तो शब्द मुंगीसारखा का चावला?

ती पुन्हा आली. मग पुन्हा.

"आज परत भिंतीसाठी?"

"मग काय तुमच्यासाठी?" ती म्हणाली, आणि जीभ चावली. हे वाक्य आपलंच ना? की कुठल्या सिनेमातलं? कितीतरी नायकांच्या डोळ्यांत बघून तिनं प्रेम केलं होतं, ग्लिसरीन घालून रडली होती. आता छातीत जे धडधडतंय ते मौलीचं, की एखाद्या भूमिकेचं उरलेलं? कुणाला विचारायचं असलं काही?

"एक विचारू?" दीप्तक म्हणाला. "बोलताना तुम्ही सारखा डावा गाल का पुढे करता?"

"उजव्यावर कांजिण्यांचा व्रण आहे. कॅमेऱ्याला चालत नाही. म्हणून उजेड शोधायचा, डावा गाल द्यायचा... सवय!"

"पण इथे कॅमेरा कुठाय?"

तिनं पटकन एक रसगुल्ला तोंडात टाकला.

प्रचार संपला त्या संध्याकाळी गाडी कोलकात्याला निघायच्या तयारीत होती. मौली धावतच दुकानाच्या दारात आली.

"भिंत?"

"नाही."

"मत तरी?"

"ते गुप्त असतं, दीदी."

"बरं. मग मी... म्हणजे हरले तर... नाही, जिंकले तरीसुद्धा... इथे..."

सवयीनं ती थांबली, कुणीतरी वाक्य पुरवेल म्हणून. कुणी पुरवलं नाही. दीप्तकच्या हातातला झारा मात्र पाकात ठिबकत राहिला.

"मौली," तो हळूच म्हणाला.

दीदी नाही. मौली!

"या ना. हरलात तरी, जिंकलात तरी. मी वाट बघेन." मग थोडं हसून, "पण उजेड तुमच्या पाठीमागे राहिलाय. आणि उजवा गाल माझ्याकडे."

तिनं गालाला हात लावला. खरंच की! कधी वळली ती? तिचं तिलाच कळलं नव्हतं.

बाहेर गाडीचा हॉर्न कोकलत होता.

"असू दे," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.