तीन हिसके

सान हुआनच्या डोंगरात खाणीकडे जाताना एक उघडा उतार आडवा येतो. तिथं झाड टिकत नाही, वरून कोसळणारा बर्फ टिकू देत नाही. चांदीसाठी तिरोलहून आलेल्या आमच्या माणसांची तिथली एक रीत होती. कमरेला लांब लाल दोरा बांधून एकेकट्यानं जायचं, टोक मागच्याच्या हाती. पलीकडे पोचलं की तीन हिसके द्यायचे, म्हणजे मागच्यानं निघायचं. माणूस गाडला गेलाच, तर दोरा वर राहतो.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी, माझा नवरा चेलेस्तीनो आणि धाकटा दीर एर्मेते खाणीवर निघालो होतो.

"दोरा घट्ट धर गं," चेलेस्तीनो म्हणाला, "नाहीतर नवरा निसटायचा."

"निसटून जाशील कुठं? भूक लागली की येशीलच!"

तो मध्यावर असताना वर कुठंतरी माळ्यावर पोतं पडावं तसा आवाज झाला. मग डोंगरच चालू लागला. दोरा माझ्या मुठीतून सुटला.

धुरळा बसला तेव्हा खाली बर्फावर दोऱ्याचं लाल शेपूट दिसलं. मी धडपडत जाऊन ते धरलं.

तीन हिसके बसले.

"जिवंत आहे! एर्मेते, जिवंत आहे तो!"

"ओढू नका, वहिनी... तुटेल. खणा!"

त्यानं फावड्यानं खणलं, मी डब्याच्या झाकणानं, मग हातांनी. खाणीतल्या माणसांना राखणाऱ्या सांता बार्बराला काय काय कबूल केलं, आठवत नाही. मध्येच पुन्हा तीन हिसके आले. "येते रे, येते!" मी ओरडत होते.

तो सापडला. मान मोडलेली. दोन्ही हात पाठीखाली दबून गोठलेले.

"पहिल्याच लोटात गेला तो," एर्मेते हळू म्हणाला.

"मग हिसके कुणी दिले?"

"बर्फ बसताना... दोरा हलत असेल, वहिनी."

त्यानं चाकूनं कमरेजवळ दोरा कापला. माझ्या आत काही उरलंच नव्हतं. रडत रडत मी दोरा गुंडाळू लागले.

कापलेलं टोक बर्फावरून उचललं गेलं. उताराच्या पलीकडच्या बाजूकडे, हवेतच, दोरा ताणला गेला.

एक. दोन. तीन.

"वहिनी..." एर्मेतेचे ओठ पांढरे पडले होते. "सोडा तो... सोडा."

पण हिसके आले की मागच्यानं थांबायचं नसतं. मी दोरा कमरेला बांधू लागले.