जेलमधला खळगा

मावशीसमोर भुताखेतांचं नाव काढलेलं खपत नाही. लहानपणी आम्ही अंधाराला घाबरलो की ती दिवा लावायची नाही, "जा, बघून ये" म्हणायची. म्हणूनच तिने सांगितलेलं हे मी खरं मानतो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती... लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात सगळे दिवे लख्ख लागलेले.

मावशी तिथे भूलतज्ज्ञ आहे. तान्ह्या बाळाच्या हातापायाला शीर सापडेनाशी झाली, की मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची, हे तिचं काम. तिचे सर ती शीर नुसत्या बोटाने शोधायचे. बोट गार नाही ना, हे आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे. मग बाळाची मान हलकेच दाबायचे. दोनदा... आणि जरा थांबून तिसऱ्यांदा.

मावशीचा भरवसा सोनोग्राफीवर. मानेवर प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, टेकवायचा आणि पडद्यावर बघत सुई घालायची. यावरून दोघांची रोज जुंपायची. शेवटी ठरलं, रीतसर तुलनाच करू. कुठल्या मुलाला कुठली पद्धत, ते चिठ्ठी काढून ठरवायचं.

तुलना अर्ध्यावर आली आणि सर गेले. भांडायला माणूस उरला नाही म्हणून मावशी खूप रडली.

त्या दुपारी आलेली मुलगी जेमतेम बसायला शिकलेली. जुलाबांनी सुकलेली, अंग गारठलेलं. दाराबाहेर तिची आई एक छोटासा मोजा मुठीत धरून उभी होती. नळी लवकर गेली नसती, तर पोर हाताला लागली नसती.

चिठ्ठी निघाली. यंत्र.

बाळाची शीर प्रोबच्या भारानेही चपटी होते. म्हणून मावशीने मानेवर सोनोग्राफीच्या बुळबुळीत जेलचा जाड थर दिला आणि प्रोब त्यावर अलगद, तरंगता धरला. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसली. एक शीर, एक धमनी. सुई चुकून धमनीत गेली असती, तर या पोरीला ते झेपलं नसतं.

मावशी प्रोब ज्या बाजूने धरते, त्यात शीर पडद्यावर नेहमी डावीकडे दिसते. डावं वर्तुळ म्हणजे शीर असं धरून तिने सुई उचलली.

तेवढ्यात...

उजवं वर्तुळ चपटं झालं.

पुन्हा फुगलं.

पुन्हा चपटं...

"मॅडम, तुम्ही दाबताय का?" सिस्टरने विचारलं.

"नाही गं. बघ ना, हात वरच आहे माझा."

दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. कातडीची पांढरी रेघ मध्येच खाली वाकली होती. बोटाएवढा खळगा... जिथे कोणाचंच बोट नव्हतं.

खळगा नाहीसा झाला. सगळं स्थिर.

आणि मग... तिसऱ्यांदा आला.

मावशीने सुई मागे घेतली. भुताची भीती नंतरची. दाबल्यावर अशी चपटी होते ती शीर, धमनी सहसा गोलच राहते. म्हणजे शीर उजवीकडे होती. घाईत तिने प्रोबच उलटा धरला होता, आणि ती धमनीत सुई घालायला निघाली होती.

तिने प्रोब फिरवला. सुई गेली, नळी सरकली, औषध सुरू झालं.

मानेवरचं जेल पुसताना सिस्टर थबकली.

"मॅडम... इथे हात लावून बघा."

पोरीचं अंग अजून गारच होतं. पण मानेवर एका जागी, बोटाच्या पेराएवढी... ऊब होती.

संध्याकाळी मुलीने डोळे उघडले. आईने तिच्या पायात मोजा चढवला, तेव्हा मावशीला राहवलं नाही. ती कोपऱ्यात जाऊन रडली.

ती तुलना अजून पूर्ण झालेली नाही. या एका मुलीपाशी अडली आहे. तिला यंत्राच्या बाजूने मोजायचं की बोटाच्या?

मी आपलं गमतीत म्हटलं, "मावशी, बोटाच्या बाजूने लिही की. सरांना बरं वाटेल."

ती हसली नाही.

"जन्मभर राबले रे ते," ती म्हणाली. "आता तरी सुटी नको का त्यांना?"

हल्ली ती बाळाच्या मानेवर प्रोब धरते, आणि सुई उचलण्याआधी थोडी थांबते. सिस्टरही तिच्याबरोबर थांबते. कशासाठी, ते दोघींपैकी कोणीच बोलत नाही...