बुटक्या खिडक्या

आजारी लेकराला खाटेवरून काय दिसतं, हे कळावं म्हणून मी जिंतूरच्या जुन्या दवाखान्यात एकदा सरळ आडवा झालो. कंपाउंडर तोंडावर हात धरून हसला. हसेना का! मला छत दिसलं, गंजका पंखा दिसला आणि वाकून बघणाऱ्यांच्या नाकपुड्या. खिडक्या सगळ्या मोठ्या माणसांच्या छातीला.

म्हणून गावाबाहेरच्या नव्या दवाखान्याचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्या मी गुडघ्याएवढ्या उंचीवर घेतल्या. पडल्या पडल्या लिंबाचं झाड दिसावं, शेळ्या दिसाव्यात, परभणीची एस.टी. दिसावी. बाहेरून मात्र कुणी डोकावणं शक्य नव्हतं. काळ्या मातीमुळे जोतं उंच घ्यावं लागलं होतं, त्यात मागची जमीन उतरती. तिथं उभ्या माणसाचा हातच काय तो खिडकीला पोचायचा.

वॉर्ड सुरू झाल्यावर कौतुकानं बघायला गेलो, तर खिडक्यांना लुगडी बांधलेली. माझं डोकंच फिरलं.

वालूरची पारूबाई नातवाच्या उशाशी बसली होती. तिलाच विचारलं, "ऊन लागतं का?"

"न्हाई साहेब. लेकरं बोलायलेत."

"कुणाशी?"

"आमाला कुटं दिसतंय? पन लय गोडी लागलीय. घरी चल म्हनलं की रडायलेत."

दवाखान्यातून जाताना लेकरू रडतं, ही माझ्या लेखी शाबासकीच होती. मी लुगडी सोडायला लावली आणि पुन्हा बांधायची नाहीत म्हणून ताकीद दिली. मग सहज मागच्या बाजूला गेलो. जोत्याला कुठं तडा गेलाय का बघत नेमका त्या खिडकीखाली उभा राहिलो. वरून पारूबाईच्या नातवाचा आवाज आला.

"खाली बघ ना. तुझ्या पायाखाली साहेब हाय."

मी वर बघितलं. भिंत होती, गज होते, वर दुपारचं आभाळ. तरी मी तिथून बाजूला झालो.

त्या हिवाळ्यात माझ्या लेकीला, दैवशालाला, विषमज्वर झाला. एकुलती एक पोर. परभणीला न्यायचं तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, गाड्या सुटत नव्हत्या. तिला माझ्याच वॉर्डात, माझ्याच खिडकीशी ठेवावं लागलं. ताप काही हटेना. डॉक्टर आमच्या डोळ्याला डोळा देईनासे झाले. माझी बायको कुसुम पाण्याच्या पट्ट्या बदलत राहायची आणि पोर खिडकीकडे तोंड करून हसत राहायची.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

"माझ्याएवढीच हाय. बाबा, ती म्हनायलीय, तू इकडं ये, मी तिकडं येते."

स्वतःची ताकीद मोडून मी कुसुमची साडी घेतली आणि खिडकीला गच्च बांधली. वॉर्डातल्या बायका बघत होत्या.

"सोडा ना, बाबा. तिला मी दिसंना झाले."

"झोप तू."

दुपार झाली. कुसुमचा बसल्या बसल्या डोळा लागला. झाडाचं पान हलत नव्हतं.

साडी आत फुगली.

दैवशालानं कापडाखालून हात गजाबाहेर घातला, पार खांद्यापर्यंत. मी कमरेला धरून ओढलं. हात येईना. मी जिवाच्या आकांतानं ओढलं.

हात आत आला. गार होता.

मग सगळं अंगच गार पडत गेलं. मी ओरडलो. डॉक्टर धावत आले, नाडी बघितली आणि माझी पाठ थोपटली. ताप उतरला होता.

पोरीनं डोळे उघडले. परक्या घरी आल्यासारखी ती छताकडे, पंख्याकडे, मग आमच्याकडे बघत राहिली. मला रडू आवरेना.

घरी आल्यावर ती चांगली खाऊ लागली, अंगानं भरली. शेजारणी मीठमोहऱ्या उतरवून गेल्या. कुसुम मात्र तिला आता नुसतं 'बाळ' म्हणायची. मी चेष्टा केली, की पोरीचं बारसं पुन्हा करायचं का? ती हसली नाही.

एका सकाळी पोर माझ्यासमोर बसून दूधभाकरी खात होती. मी लाडानं हाक मारली.

"दैवशाला!"

ती माझ्याकडे बघत शांतपणे घास चावत राहिली. रस्त्यापलीकडच्या ज्वारीतून बारीक आवाजात ओ आली.

कुसुमनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नका हाक मारू," ती म्हणाली. "दर हाकेला ओ लांब जाते. आधी अंगणातून यायची."